सखूशेजारची जागा

पारूमावशीची आणि माझी ओळख एका पंख्यावरून झाली. बीडला सरकारी कार्यालयांसमोरच्या ओळीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन अर्ज असलं सगळं तिथे होतं. उन्हाळा होता आणि दुकानातला एकुलता एक टेबलफॅन मी अर्थातच माझ्या तोंडाकडे करून ठेवला होता. डोक्यावरून पदर, कपाळावर हिरवं गोंदण, पायांत पुरुषी चपला अशी सत्तरीची एक बाई आत आली, स्टुलावर बसली आणि न विचारता तिने पंखा स्वतःकडे वळवला. मी तो पुन्हा माझ्याकडे घेतला. तिने पुन्हा तिच्याकडे नेला.

"अहो बाई, दुकान माझं आहे," मी म्हणाले.

"तुजंच हाय की. म्हून तर तू दिसभर वारं खातीस," ती म्हणाली. "मी उन्हातून आलेय. मी गेल्यावर घे समदं वारं तुला."

मी पंखा दोघींच्या मधोमध करून ठेवला, आणि अशी तडजोड माझ्याकडून फारशी होत नाही. माझ्या जिभेला आमच्या ओळीतले स्टँप विकणारेसुद्धा वचकून असतात. पुढे कळलं, की तो तिचा नमस्कार होता. पारूमावशी नव्या माणसाशी आधी भांडून बघायची. समोरचा भांडला तर तो आपला, गप्प बसला तर परका. "जो भांडत न्हाई त्येच्या मनात काय हाय हे कसं कळावं?" असं ती म्हणायची. त्या हिशेबाने मी पहिल्याच दिवशी तिची झाले. मी तिला अहो-जाहो करायला लागले तेव्हा तिने इकडेतिकडे बघत विचारलं, "कोन सायब आलाय का माज्या मागं?" तेव्हापासून ती मला 'माय' म्हणायची आणि मी तिला अगं मावशी.

"एक दरखास लिव्हायची हाय," ती म्हणाली. मराठवाड्यातली जुनी माणसं अर्जाला अजून दरखास्त म्हणतात.

"कशाबद्दल?"

"पुरात गेलेल्या मानसांचं स्मारक बांदायचं हाय. सरकारनं पैसा द्यावा, म्हून."

तिचं गाव माजलगावच्या वाटेवर, आडरस्त्याला. मेंढपाळ आणि शेतकऱ्यांची वस्ती. गावाच्या अलीकडे एक ओढा लागतो. एरवी त्यात शेळी उभी राहिली तर तिचे खूरही धड भिजत नाहीत. त्या वर्षी पावसाळा संपता संपता वरच्या अंगाला ढग फुटला. बाजाराचा दिवस होता. गावची माणसं बाजार करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परत येत होती. पुलावरून थोडं पाणी जात होतं, रोजचंच वाटलं. ट्रॅक्टर मध्यावर आला आणि वरून लोंढा आला. ट्रॉली उलटली. काही माणसं काठाच्या बाभळींना धरून वाचली. बाकीची गेली. त्यांत पारूमावशीची जाऊ होती, सखू.

ट्रॉलीत मावशी का नव्हती, हेही तिने मला त्याच दिवशी सांगितलं, आणि असं सांगितलं की मला हसावं का रडावं ते कळेना. बाजारात दोघी जावांचं वांग्यांवरून भांडण झालं होतं. सखूने काटेरी वांगी घेतली, ती बियाळ निघणार असं मावशीचं म्हणणं. सखू म्हणाली, तुझ्या तोंडापेक्षा गोड निघतील. झालं. ट्रॉलीजवळ येईपर्यंत दोघींचं तोंड सुरू होतं. सखू आधी चढली. तरी तिने पिशवी मांडीवर घेऊन शेजारी जागा केली, हाताने थापटली आणि म्हणाली, "बस की गं, जागा हाय."

"आन मी काय म्हनले ठावं हाय का?" मावशीने मला विचारलं. "म्हनले, मेले तरी तुज्याशेजारी बसनार न्हाई. आन गेले एष्टीनं, लांबच्या वाटंनं. घरी येऊन च्या केला. तिच्या वाटनीचा झाकून ठिवला. भांडन भांडनाच्या जागी."

त्या चहाचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. सखू काही सापडली नाही. बाकीच्यांचे देह मिळाले, तिचा नाही. बरेच दिवस सरकारी कागदावर ती नुसती 'बेपत्ता' होती, मग चौकशी होऊन दाखला मिळाला.

मी तिला म्हटलं, "मावशी, सरकारच्या नादी कशाला लागतेस? अंगणात एक दगड बसव, शेंदूर लाव, झालं."

"मंग ती माजी एकलीची हुईल. पानी काय एकटीवरून गेलंय का?" ती म्हणाली. "एक जागा पायजे, माय. जिथं जाऊन तिच्याशेजारी बसता यील. आन सरकारनं बी म्हनावं, की हो, ही मानसं हुती बाबा."

मी अर्ज टाइप केला. सरकारी मराठी मला चांगली येते, आणि त्याचा थोडा तोराही आहे. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, ओढ्यास आलेल्या पुरामध्ये मृत्युमुखी पडलेल्या नागरिकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ स्मारक उभारणेकामी निधी उपलब्ध करून मिळणेबाबत,' असं खणखणीत वाचून दाखवलं. मावशीने डोळे मिटून ऐकलं.

"ह्यात ओढा हाय, सरकार हाय, निधी हाय," ती म्हणाली. "सखू कुठाय?"

"नागरिकांमध्ये आली ना ती."

"सखू कवा नागरिक हुती? ती सखू हुती. लिव्ह."

मग मी एक परिशिष्ट जोडलं. त्यात प्रत्येकाचं नाव आणि त्यापुढे मावशीने सांगितलेली एकेक ओळ. गणपत लग्नात हलगी वाजवायचा. शांताबाईचं लोणचं खारट व्हायचं, पण ती सगळ्यांना द्यायची. सखूपुढे तिने सांगितलं, "वांगी बियाळ घ्यायची." मी म्हटलं, मावशी, सरकारी अर्जात हे शोभत नाही. ती म्हणाली, "बियाळच हुती." मी लिहिलं.

गावाने हे काम तिच्या गळ्यात घातलं ते उगीच नाही. सरपंच दोनदा कार्यालयात जाऊन आले होते आणि नमस्कार-चमत्कार करून परतले होते. मावशीची पद्धत वेगळी होती. साहेब मीटिंगला गेलेत असं ऐकलं, की ती दाराबाहेर फतकल मारून बसायची, पिशवीतून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायची आणि शिपायाला विचारायची, "मिटिंगीत खायाला देत्यात का न्हाई? का उपाशीच बसीवत्यात?" मग भाकरी घेऊन सरळ आत. साहेब खरंच मीटिंगमध्ये असले तर मीटिंगमधल्या सगळ्यांना चतकोर मिळायची. नसले तर साहेब आणि मावशी दोघं समोरासमोर. टेबलावरच्या कारकुनाशी ती रोज भांडायची, आणि एक दिवस तो रजेवर होता तर माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "त्यो चष्मेवाला दिसंना आज. बरा हाय ना? घरी कोन करतंय त्येचं?"

पण कारकून बिचारा तरी काय करणार. स्मारक या नावाखाली पैसाच नाही, असं पहिलं उत्तर आलं. दुसरं आलं, की जागा ग्रामपंचायतीच्या नावावर दाखवा. तिसरं, ग्रामसभेचा ठराव जोडा. प्रत्येक उत्तर घेऊन मावशी एसटीने बीडला यायची, स्टँडवरून रिक्षावाल्याशी भांडत माझ्या दुकानापर्यंत, आणि पंखा वळवून बसायची. मी उत्तर वाचून दाखवायचे आणि संतापायचे. ती संतापायची नाही. "सरकार बी सासूसारकं हाय," ती म्हणायची. "एकदम हो म्हनलं तर त्येचा मान कसा ऱ्हाईल?" तिच्या सासूने तिला काय काय छळलं हे ऐकल्यावर मला सरकार पुष्कळच सौम्य वाटायला लागलं.

शेवटी त्या चष्मेवाल्या कारकुनानेच वाट काढली. परिशिष्ट त्याने वाचलं होतं. शांताबाईच्या लोणच्यापाशी तो म्हणे हसला आणि मग बराच वेळ हसला नाही. त्याने प्रस्ताव सार्वजनिक जागेच्या सुधारणेत बसवला. स्मारकाचा चौथरा, भोवती बसायला जागा, ओढ्याच्या बाजूने कठडा. आता फक्त इंजिनिअरने येऊन जागेची पाहणी करायची आणि मग मंजुरी. मावशी त्या दिवशी इतकी खूश झाली, की तिने माझ्याशी भांडायचंही विसरून पेढे वाटले.

आणि इथेच गावाने घोळ घातला.

पाहणी व्हायच्या आधी अक्षय्य तृतीया आली. तिकडे तिला आखिती म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीचा करा पाण्याने भरून ठेवतात, आंब्याचा रस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. गेलेल्यांना वर्षाचं पाणी त्या दिवशी मिळतं अशी समजूत आहे. ठरावात ओढ्याकाठची उंचवट्याची जागा मिळालेली होती. मावशी म्हणाली, मानसांना जागा मिळाली आन आखितीला ती कोरडी ठिवायची व्हय? झालं. ज्या ज्या घरचं माणूस गेलं होतं, त्या त्या घराने ओढ्यातून एकेक दगड निवडून आणला. दगड गोलाकार मांडले, करे ठेवले, पाणी घातलं. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पाहुणा येणार म्हणून आपण अंगण सारवतो, तसा त्यांनी विचार केला. इंजिनिअर साहेब येणार, नुसती धोंडमाती कशी दाखवायची? गावातल्या गवंड्याने सिमेंट आणलं, तरण्या पोरांनी मुरूम टाकला, आणि दोन दिवसांत छान ओटा तयार करून त्यावर दगड बसवून टाकले. वर रांगोळी.

इंजिनिअर आला. अगदी नवा, कोवळा, गॉगल लावलेला. ओटा बघून त्याने गॉगल काढला.

"हे काम सुरू झालं?" त्याने विचारलं.

"झालं की!" मावशी फुशारकीने म्हणाली. "बगा कसं झालंय!"

त्याने डोक्याला हात लावला आणि त्याच ओट्यावर बसला. मंजुरीच्या आधी काम सुरू झालं तर त्या कामाला सरकार पैसा देत नाही, हा नियम आहे. मला तो माहीत होता, पण माणसं सरकारी पैशाची वाट न बघता स्वतःहून ओटा बांधून मोकळी होतील, हे माझ्या कशाला डोक्यात येईल? मावशीने त्या पोराला रस-पोळी जेवू घातली. तो जेवला, हात धुतले आणि जड मनाने खरं ते लिहून गेला. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. 'मंजुरीपूर्वीच काम सुरू झाल्याचे निदर्शनास आल्याने प्रस्ताव नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' म्हणजे फाइल बंद.

मी ते वाचून दाखवलं आणि सरकारच्या नावाने जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी स्टुलावर बसून राहिली. मग तिने हात लांब करून पंखा माझ्याकडे वळवला. तेव्हा मात्र मी घाबरले. तिला असं कधी बघितलंच नव्हतं. मी शेजारच्या टपरीवरून चहा मागवला, पाणी दिलं.

चहा अर्धा झाल्यावर ती म्हणाली, "ह्येचा अर्थ असा का, की सायब आला तवा जागा मोकळी दिसली पायजे हुती?"

"हो."

"मंग दिसंल."

"अगं, पण ओटा बांधलाय ना."

"बांदलाय तर सोडता येतंय. आमचीच मानसं हायत. घरी घिऊन जातो. तू फकस्त लिव्ह, की पुन्ना या म्हनावं."

मी घडलं तसं लिहिलं. आखितीचा विधी होता, सरकारी काम सुरू करण्याचा हेतू नव्हता, केलेलं काढून घेत आहोत, कृपया फेरपाहणी व्हावी. चष्मेवाल्या कारकुनाने फाइल पुन्हा वर काढली. ओटा काढायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गावाला गेले. आयुष्यात इतकी आनंदी मोडतोड मी पाहिली नाही. गणपतच्या भावाने हलगी काढली होती. प्रत्येक घर आपापला दगड उचलून घेत होतं. कुणी डोक्यावर, कुणी कडेवर, एका म्हाताऱ्याने सायकलच्या कॅरियरला बांधला आणि पडू नये म्हणून मागून सुनेला धरायला लावलं. "चला, घरी चला," मावशी दगडांनाच सांगत होती. "सरकारचं अजून जमंना. तवर आपल्याच घरी ऱ्हावा." संध्याकाळपर्यंत मुरूमसुद्धा उचलून झाला. गवंडी तेवढा हळहळला, कारण ओटा खरंच चांगला झाला होता.

इंजिनिअर पुन्हा आला. जागा मोकळी. त्याने तसं लिहिलं. मावशीने त्याला पुन्हा जेवू घातलं आणि तो रोडावलाय यावरून त्याच्याशी भांडलीही. त्यानेच नव्या आराखड्यात एक बदल सुचवला. कठड्यात लोकांनी आणलेले दगड बसवायचे, म्हणजे ते परत येतील. सगळ्यांना पटलं.

मंजुरी यायला मात्र वेळ लागला, आणि तेवढ्या काळात दगडांना घरांची सवय झाली. मी एकदा मावशीकडे गेले तर अंगणात शेवग्याखाली सखूचा दगड होता, आणि त्याच्या समोर दुसऱ्या एका चपट्या दगडावर मावशी बसलेली. दोघींच्या मधोमध चहाची बशी. मावशी दगडाला ऐकवत होती, की तुझा पोरगा तुझ्यासारखाच आळशी, मेंढरं अजून वाड्यातच हायत. सखूची सून मंगल चुलीपाशी होती. दोन्ही जावांची घरं एकाच अंगणात. नवरे हयात असताना मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असायचे आणि ह्या दोघीच इथे एकमेकींच्या आधाराने, एकमेकींशी भांडत राहायच्या.

"ह्यांचं सकाळीच सुरू हुतंय," मंगल मला म्हणाली.

"ह्यांचं म्हणजे?"

"दोगींचं. आमच्या आत्याबाई बोलत न्हाईत, तरी त्याच जिंकत्यात."

मावशीने ते ऐकलं. "बग माय, सासूची बाजू सोडीत न्हाई," ती कौतुकाने म्हणाली.

शेवटी मंजुरी आली. ठेकेदार आला, चौथरा झाला, काळ्या दगडावर नावं कोरून आली. उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची नावं गेलेल्या माणसांच्या नावांपेक्षा मोठी लिहायचं घाटत होतं. मावशीने त्यावर तोडगा सुचवला, की पाहुण्यांची नावं पायरीवर लिव्हा, म्हंजे येनाऱ्या-जानाऱ्याला आपसूक दिसत्यात. पायरीवर पाय पडतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि ती नावं मुकाट्याने चौथऱ्याच्या मागच्या बाजूला गेली.

कठड्यासाठी दगड गोळा करायची वेळ आली तेव्हा कुणी पटकन देईना. शांताबाईच्या घरी तिच्या दगडाजवळ लोणच्याची बरणी ठेवत होते. सायकलवाला म्हातारा म्हणाला, पोराच्या दगडाला टेकल्याशिवाय मला बसायला जमत नाही. मावशी दारोदार फिरली. भांडली, समजूत काढली, दोन घरी नुसती शेजारी बसून राहिली. "रोज भेटाया या की," ती म्हणायची. "घर आन ती जागा, लांब का हाय?" एकेक करत सगळे दगड गेले. हलगी पुन्हा वाजली. सगळे दगड कठड्यात बसले.

एक सोडून. मावशीने सखूचा दगड दिला नाही.

आम्हाला वाटलं शेवटी देईल. मंगलने विनवलं, सरपंचांनी सांगितलं. इंजिनिअरची पंचाईत झाली. कठड्यात पुढच्या बाजूला, ओढ्याकडे तोंड करून, एका दगडाची खाच मोकळी राहिली होती, आणि काम पूर्ण झाल्याचे फोटो पाठवायचे होते.

"मावशी, एक दगड कमी आहे," तो म्हणाला.

"कमी न्हाई. ती घरी हाय."

"मग कधी आणणार?"

"मी यीन तवा. आमी दोगी संगं येऊ."

तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने कुणाच्या तरी ओसरीवरून झेंडूची कुंडी आणली, खाचेत ठेवली, फोटो काढला आणि कुंडी परत दिली. फोटोत ती कुंडी फार शोभून दिसते. वरच्या साहेबांनी सौंदर्यदृष्टीचं कौतुक केलं असं त्यानेच मला सांगितलं.

उद्घाटन झालं. भाषणं झाली. सगळे पांगल्यावर मी मावशीला गाठलं. मला तिचा राग आला होता. एवढी वर्षं जिच्यासाठी हेलपाटे घातले, तिचीच जागा मोकळी? मी तसं बोलूनही दाखवलं. नेहमीसारखी ती उसळली नाही.

"त्या दिशी ती एकटी गेली, माय," ती म्हणाली. "म्या जागा सोडली, म्हून तिच्याशेजारी कुनी नव्हतं. आता पुन्ना एकटीला कशी पाटवू? तू सांग."

पिशवीतल्या भाकरीचा अर्धा तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही तिथे ओढ्याकडे बघत खाल्ला. ओढ्यात पाणी नव्हतं. खाली दोन शेळ्या चरत होत्या.

त्यानंतरही ती बीडला यायची. आता काम नसायचं. डोळे दाखवायला, बाजाराला, नाहीतर नुसतीच. चष्मेवाल्या कारकुनाचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी कशी बघावी यावर तिने त्याला माझ्या दुकानात बसवून तासभर ऐकवलं. "भांडनारी कर," ती म्हणाली. "गप बसनारीच्या मनात काय हाय ते तुला चष्म्यातून दिसनार हाय का?" त्याने ऐकलं. परवा ती नवी नवरी माझ्याकडे झेरॉक्सला आली होती आणि एक पान पुसट निघालं म्हणून माझ्याशी चांगली कडाकडा भांडली. मला मावशीची फार आठवण आली.

मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. सकाळी उन्हात शेवग्याखाली चहा घेत बसली होती. मंगल सांगते, की बराच वेळ अंगणातून आवाज आला नाही म्हणून ती बघायला आली, तर मावशीचा चहा संपलेला होता आणि सखूची बशी भरलेली. चेहरा असा, की आत्ताच काहीतरी चांगलं झोंबणारं ऐकवून झालंय. दहावा झाल्यावर मंगलने मला फोन केला. म्हणाली, "आज दोगींना न्यायचंय. तुमी या."

मी दुकान बंद केलं आणि माजलगावच्या गाडीत बसले. सखूचा दगड मंगलच्या नवऱ्याने उचलला. मावशीचा म्हणून मावशीच्या मुलाने तो चपटा दगड घेतला, ज्याच्यावर ती रोज बसायची. हलगीवाला होता. इंजिनिअरही मोटरसायकलवर आला होता. त्याची बदली झालेली, तरी आला. ओढ्याला थोडं पाणी होतं.

खाच एकाच दगडाची, आणि दगड दोन. सखूचा आधी ठेवला, तो नीट बसला. मावशीचा काही मावेना. गवंडी छिन्नी काढायला लागला तर मंगल म्हणाली, "न्हाई, छिन्नी लावायची न्हाई. दोगींनाबी लागंल." मावशीच्या मुलाने तो चपटा दगड उभा करून बघितला, आडवा करून बघितला. इंजिनिअरने कुठलं तरी माप सांगितलं, ते चुकलं. मी म्हटलं, जिवंतपणी कधी जमलं नाही, आता कुठे जमणार, आणि सगळे हसले. हसता हसता मंगलने डोळे पुसले, पुढे झाली, सासूचा दगड दोन्ही हातांनी जरासा पलीकडे सरकवला, कडेला झाली तेवढी जागा तळहाताने थापटली आणि मावशीच्या दगडाला म्हणाली, "बसा आता. जागा हाय."